नवी मोटार कीं जुनी?

नफातोटा, सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि घसारा हीं प्रकरणें आमचे विद्यार्थी गणिताच्या तासाला शिकतात, आणि परीक्षा संपली कीं त्यांतील पुष्कळसें विसरतात. परंतु ह्या सर्वांची एकदम गरज पडावी असा एक प्रसंग आजकाल बहुतेक पगारदार कुटुंबांत येतो, तो म्हणजे घरची मोटार घेण्याचा. घराच्या खालोखाल मोठा असा हा खर्च. घराची किंमत बहुधा वाढते. मोटारीची मात्र ती दाराशीं उभी असतांनाही उतरते. अशा वेळीं नवी मोटार घ्यावी, कीं दुसऱ्यानें वापरलेली, लोक जिला सेकंडहँड म्हणतात ती, घ्यावी, हा प्रश्न हटकून निघतो. त्याचा विचार आमच्या एटापल्लीच्या परिस्थितीस धरून प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

एटापल्लीहून जिल्ह्याचें ठिकाण गडचिरोली सव्वाशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. जवळपास कोठें रेल्वे नाहीं. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ह्या मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धांवली. तेव्हांपासून आमच्यासारख्या आडवळणाच्या मुलखाला एस. टी.नेंच जगाशीं जोडून ठेविलें आहे, आणि तें ऋण कोणीं नाकारूं नये. परंतु रात्रीं घरांतील माणूस अत्यवस्थ झालें, किंवा शेजारच्या पाड्यावर कोणास सर्पदंश झाला, तर सकाळच्या गाडीची वाट पाहून भागत नाहीं. म्हणून येथें मोटार ही निव्वळ चैन नव्हे. पण म्हणूनच तिच्याविषयींचा निर्णय चुकला तर दोन्हीकडून फटका बसतो. नवीच्या हौसेनें कर्ज फार झालें, तर मुलीच्या शिक्षणाचे पैसे हप्त्यांत जातात. आणि स्वस्ताच्या मोहानें भलतीच जुनी गाडी घेतली, तर ती नेमकी नड असेल त्या रात्रीं आलापल्लीच्या जंगलांत बंद पडते.

सल्ला देणारे पुष्कळ असतात. एक म्हणतो, "नवी घ्या, कटकट नको." दुसरा म्हणतो, "जुनी घ्या, पैसे वाचतील." आमच्या मतें दोघेही अर्धेंच सांगतात. बचत नवेपणांत नाहीं आणि जुनेपणांतही नाहीं. गाडी आपल्याजवळ किती वर्षें राहील, वर्षाला किती किलोमीटर चालेल, आणि बिघडल्यास कोठें दुरुस्त होईल, ह्या तीन प्रश्नांच्या उत्तरांत ती आहे.

आरंभीं एक जुनी समजूत दूर केली पाहिजे. वडील पिढीच्या मनांत मोटार म्हणजे मालमत्ता, असा एक भाव आहे. एके काळीं तो खोटा नव्हता. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं मुंबईस प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. पुढें तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट गाड्या निघूं लागल्या, आणि तीच गाडी नंतर प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें घरोघर माहीत झाली. परंतु कारखान्यानें किती गाड्या काढाव्या हें सरकारी परवान्यावर अवलंबून असे. मागणी मोठी आणि गाड्या थोड्या, म्हणून ग्राहकाला नांव नोंदवून वर्षानुवर्षें थांबावें लागे. ज्याला थांबणें शक्य नसे, तो जुनी गाडी चढ्या भावानें घेई. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मारुति ८०० ग्राहकाच्या हातीं पडली, आणि १९९३ सालीं मोटारींच्या धंद्यावरील परवान्याचें बंधन उठलें. हळूहळू टंचाई गेली आणि टंचाईबरोबर जुन्या गाडीचा तो भावही गेला. समजूत मात्र मागें राहिली.

आज गाडीची किंमत कशी उतरते, हें विम्याच्या कोष्टकावरून चांगलें समजतें. गाडी चोरीस गेली किंवा पूर्ण मोडली तर किती रक्कम द्यावयाची, हें ठरवितांना विमा कंपन्या कंपनीच्या जाहीर विक्री-किंमतींतून घसारा वजा करितात. गाडी सहा महिन्यांच्या आंतील असल्यास ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५० टक्के. बाजारांतील भाव ह्याहून थोडा कमीअधिक असतो. पण दिशा हीच. पहिल्या पांच वर्षांत निम्मी किंमत जाते, आणि हा निम्मा भाग पहिला मालक सोसतो.

त्याखेरीज कर आहे. महाराष्ट्रांत खासगी पेट्रोल गाडीची किंमत दहा लाखांपर्यंत असल्यास नोंदणीच्या वेळीं ११ टक्के, आणि डिझेल गाडीवर १३ टक्के रस्ताकर एकदम भरावा लागतो. गाडी विकतांना हा कर कोणी परत देत नाहीं. दुसरा मालक ह्याच राज्यांतील असेल, तर त्याला तो पुन्हा भरावा लागत नाहीं. म्हणजे जुनी गाडी घेणारा पहिल्या मालकानें सोसलेल्या घसाऱ्याचा आणि भरलेल्या कराचा वारसदार होतो. जुन्या गाडींतील खरी बचत ती हीच.

आतां आंकड्यांनीं पाहूं. पुढील रकमा समजुतीसाठीं धरल्या आहेत. वाचकांनीं त्यांच्या जागीं आपापल्या रकमा घालाव्या. एका कुटुंबाजवळ १,८०,००० रुपये शिल्लक आहेत. नव्या गाडीची किंमत ६,००,००० रुपये. तीवर कर ६६,०००, आणि विमा, नोंदणी इत्यादि मिळून ती रस्त्यावर येईपर्यंत ७,००,००० रुपये पडतात. तेव्हां ५,२०,००० रुपये कर्ज काढावें लागतें. व्याज ९ टक्के व मुदत पांच वर्षें धरल्यास दरमहा हप्ता सुमारें १०,७९४ रुपये आणि एकूण व्याज सुमारें १,२७,६६१ रुपये होतें. तीच गाडी चार वर्षें वापरलेली घेतली, तर वरील कोष्टकाप्रमाणें ३,६०,००० रुपयांना मिळेल. टायर, बॅटरी, नांवबदल व पहिली दुरुस्ती ह्यांसाठीं ४०,००० रुपये आणखी धरूं, म्हणजे ४,००,००० झाले. कर्ज २,२०,०००. जुन्या गाडीच्या कर्जाचें व्याज अधिक असतें, म्हणून तें १३ टक्के व मुदत तीन वर्षें धरूं. हप्ता सुमारें ७,४१३ आणि एकूण व्याज सुमारें ४६,८५६ रुपये.

पांच वर्षांनीं दोन्ही गाड्या विकल्या असें मानूं. नवीचे ३,००,००० रुपये येतील; जुनी तोंवर नऊ वर्षांची झालेली, तिचे १,५०,००० येतील. नवीच्या देखभालीस वर्षाला १५,००० आणि जुनीच्या दुरुस्तीस ३०,००० रुपये धरूं. विम्यासाठीं नवीला दुसऱ्या वर्षापासून दरसाल १२,००० आणि जुनीला पहिल्यापासून दरसाल ८,००० धरूं. सर्व बेरीज-वजाबाकी केल्यावर पांच वर्षांचा पेट्रोलखेरीज खर्च नवीचा ६,५०,६६१ रुपये आणि जुनीचा ४,८६,८५६ रुपये येतो. तफावत १,६३,८०५ रुपयांची. म्हणजे महिन्याला सुमारें २,७३० रुपये.

ही रक्कम लहान नव्हे. पण जुनी गाडी निम्म्या किंमतींत मिळाली, म्हणजे निम्मे पैसे वाचले, असें समजणाऱ्याच्या कल्पनेपेक्षां ती पुष्कळ लहान आहे. शिवाय ती कायम राहणारी नव्हे. समजा, नवी गाडी लिटरला २० किलोमीटर चालते व जुनी १८. वर्षाला ९,००० किलोमीटर फिरणाऱ्याला जुन्या गाडींत ५० लिटर पेट्रोल अधिक लागेल. भाव १०५ रुपये धरल्यास पांच वर्षांत २६,२५० रुपये. तरीही जुनीच परवडते. परंतु कामानिमित्त वर्षाला २७,००० किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोलाचाच फरक ७८,७५० रुपये पडेल, आणि दुरुस्तीचा खर्चही त्याच मानानें वाढेल. त्याची बचत वितळून जाते. म्हणून थोडें फिरणाऱ्यास जुनी आणि पुष्कळ फिरणाऱ्यास नवी, हा पहिला नियम.

ह्याच हिशेबांतून तिसरा एक पर्याय निघतो, तो बहुतेक कुटुंबें विसरतात. जुन्या गाडीचाही पेट्रोलखेरीज खर्च वर्षाला सुमारें ९७,००० रुपये आला. भाड्याची गाडी २७० किलोमीटरांच्या एका फेरीस ५,००० रुपये घेते असें मानूं. त्याच फेरीला घरच्या गाडींत १५ लिटर, म्हणजे १,५७५ रुपयांचें पेट्रोल लागेल. दर फेरीस ३,४२५ रुपये वांचतात. ह्या हिशेबानें वर्षाला २८ फेऱ्यांहून कमी जाणें होत असेल, तर मोटार न घेणें हीच सर्वांत मोठी बचत. अडीअडचणीच्या रात्रीचें मोल ह्या आंकड्यांत येत नाहीं, हें खरें. पण हौसेला अडचणीचें नांव देऊं नये.

आतां आमच्या मुलखाचा विशेष पाहूं. शहरांत गाडी बिघडली तर गल्लीच्या तोंडाशीं मेस्त्री असतो. येथें साधें काम आलापल्ली किंवा अहेरीस होतें. कंपनीच्या कार्यशाळेसाठीं गडचिरोली, चंद्रपूर किंवा नागपूर गांठावें लागतें. गाडी टोचन करून नेण्याचेंच भाडें कधीं कधीं दुरुस्तीहून अधिक होतें. सुरजागडच्या लोहखनिजाचे जड ट्रक ज्या रस्त्यांनीं जातात, त्या रस्त्यांवर स्टिअरिंगचे सांधे, शॉकअब्सॉर्बर आणि टायर लवकर झिजतात, आणि लाल धूळ एअर फिल्टरांत भरते. म्हणून येथें गाडी निवडतांना रूप व नांव मागाहून पाहावें. आलापल्लीचा मेस्त्री जी गाडी रोज उघडतो आणि जिचे सुटे भाग चंद्रपुरास हमखास मिळतात, तीच गाडी आमच्यासाठीं चांगली. बंद पडलेल्या मॉडेलची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

ह्याच कारणानें दुसरा नियम असा: जुनी गाडी घेणाऱ्यानें वाचलेला पैसा खर्चूं नये. आमच्या उदाहरणांत दोन हप्त्यांतील फरक दरमहा ३,३८१ रुपये आहे. तो पोस्टांत किंवा बँकेंत वेगळा ठेविला, तर तीन वर्षांत व्याजाखेरीज १,२१,७१६ रुपये जमतात. इंजिन किंवा गिअरबॉक्स ह्यांचें मोठें काम निघालें तर तें ह्या रकमेंतून करावें. ज्याला ही शिस्त पाळणें जमणार नाहीं, त्याला जुनी गाडी स्वस्त पडणार नाहीं.

किती जुनी घ्यावी, ह्याचेंही उत्तर आहे. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना ए. बी. एस. ब्रेक सक्तीचे झाले, आणि १ जुलै २०१९ पासून चालकासाठीं एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठींही एअरबॅग असावी, हा नियम ३१ डिसेंबर २०२१ पासून सर्व मोटारींस लागू झाला. म्हणून २०२२ सालची किंवा त्यानंतरची गाडी घ्यावी, असें आम्ही सुचवितों. मागील चार पैशांच्या बचतीपेक्षां पुढील आसनावरील माणसाचा जीव मोठा. दुसरी गोष्ट पेट्रोलाची. २०२५ सालापर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर आलें. १ एप्रिल २०२३ पूर्वींच्या पुष्कळ गाड्या दहा टक्क्यांच्या मिश्रणास धरून बनविलेल्या आहेत. अशा गाडीच्या माहितीपुस्तकांत काय लिहिलें आहे तें वाचावें, आणि रबरी नळ्या मेस्त्रीकडून तपासून घ्याव्या.

भाव ठरवितांना एक सावधगिरी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तु व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि लहान पेट्रोल गाड्यांवरील एक टक्का उपकरही गेला. पूर्वीं जी गाडी करासह १२९ रुपयांस पडे, ती ११८ रुपयांस पडूं लागली. म्हणजे साडेआठ टक्के उतार. विकणारा मात्र आपण त्या वेळीं काय दिलें तें सांगतो. ती किंमत मनावेगळी करून, तीच गाडी आज नवी घेतल्यास काय पडेल, तेथून खालीं मोजावें.

गाडी पाहावयास सकाळीं, इंजिन थंड असतांना जावें. तापलेलें इंजिन आपले दोष लपवितें. सुरू केल्यावर धूर निळसर येत असेल तर तेल जळत आहे. गाडी तापल्यावरही दाट पांढरा राहिला तर पाणी आंत शिरत आहे. काळा असेल तर इंधन नीट जळत नाहीं. टायराच्या बाजूवर चार आंकडे असतात; "२३२२" अशा अर्थाचे आंकडे असल्यास तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. मीटर कमी फिरलेला आणि पेडलचें रबर झिजलेलें, असें दिसल्यास मीटरवर विश्वास ठेवूं नये. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि हजारों मोटारी पाण्याखालीं गेल्या. अशी बुडालेली गाडी धुऊन-पुसून दूरच्या गांवीं विकतां येते, आणि पूर तर आपल्या विदर्भांतही येतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ दिसते काय तें पाहावें; जादा चाकाच्या खोबणींत गाळ व आसनाखालीं गंज शोधावा. शेवटीं आपल्या ओळखीचा मेस्त्री बरोबर घेऊन खडबडीत रस्त्यावर आणि चढणीवर गाडी चालवून पाहावी.

कागदपत्रांची तपासणी ह्याहूनही महत्त्वाची. आर. सी. बुकावरील इंजिन व चॅसिस नंबर प्रत्यक्ष गाडीवरील नंबरांशीं ताडून पाहावे. सरकारच्या वाहन नोंदवहींत ही गाडी कितव्या मालकाची आहे, तीवर कर्जाचा बोजा किंवा दंड बाकी आहे काय, हें दिसतें. बोजा असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेतल्याखेरीज पैसे देऊं नयेत. नांवबदलासाठीं नमुना २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत आर. टी. ओ.स कळवावें, असें मोटार वाहन कायद्याचें ५० वें कलम सांगतें. विमाही १४ दिवसांत आपल्या नांवावर करण्यास अर्ज द्यावा. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस घेणाऱ्यास मिळत नाहीं. तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. आणि विकणाऱ्यानें "घेणारा करील नांवबदल" म्हणून स्वस्थ बसूं नये. अपघात झाल्यास सरकारी नोंदींत ज्याचें नांव आहे तोच मालक व तोच भरपाईस जबाबदार, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें ६ फेब्रुवारी २०१८ रोजीं दिला आहे.

आमचा तालुका छत्तीसगडला लागून आहे, आणि तेलंगणही दूर नाहीं. तेथील गाड्या कधीं कधीं स्वस्त मिळतात. परंतु परराज्यांतील गाडी येथें बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची तर कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणें तिला येथील नंबर घ्यावा लागतो. त्यासाठीं मूळ कार्यालयाचें ना-हरकत पत्र आणावें लागतें व महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. ह्या सर्वांचा खर्च आणि हेलपाटे जमेस धरले तर बहुधा एम. एच. ३३ किंवा ३४ नंबरची गाडीच स्वस्त पडते.

मग नवी कोणीं घ्यावी? जो वर्षाला पुष्कळ फिरतो; ज्याला ती दहा-बारा वर्षें ठेवावयाची आहे, कारण मग पहिल्या वर्षांचा मोठा घसारा पुष्कळ वर्षांवर वांटला जातो; आणि ज्याला हप्ता भरूनही घरखर्च, मुलांचें शिक्षण व आजारपणाची शिल्लक ह्यांना हात लावावा लागत नाहीं, त्यानें. इतरांनीं तीन-चार वर्षें वापरलेली, एकाच मालकाची, ह्याच जिल्ह्यांत किंवा शेजारीं नोंदलेली, साधी पेट्रोल गाडी घ्यावी आणि दुरुस्तीची रक्कम वेगळी ठेवावी. वर्षांतून मोजक्याच फेऱ्या करणाऱ्यानें एस. टी. आणि भाड्याची गाडी ह्यांवरच भागवावें, व त्यांत कमीपणा मानूं नये.

बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असा दृष्टांत प्रभूनें दिल्याचें लूककृत शुभवर्तमानांत आपण वाचतों. तो दृष्टांत मोठ्या समर्पणाविषयीं आहे. पण लहान व्यवहारालाही तो तंतोतंत लागू पडतो. आमच्या हातीं येणारा पैसा आम्हांस कारभारी म्हणून मिळाला आहे, असें मानणाऱ्यानें तर हा हिशेब अवश्य करावा. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत वडिलांजवळ बसून आपल्या घरच्या आंकड्यांनीं हें गणित एकदां सोडवून पाहावें. त्याचें उत्तर पुस्तकाच्या मागील पानावर छापलेलें नाहीं. पण तें बरोबर आलें, तर घरची शिल्लक टिकेल आणि एखाद्या पावसाळी रात्रीं शेजाऱ्याच्या हांकेसही गाडी उभी राहील.